व्यवहारगणित : स्थिर दर आणि दिलेली मुदत

पेण तालुक्यातील हमरापूर व जोहे ही गावे गणेशमूर्तींसाठी सर्वदूर ख्यात आहेत. तेथील एका कारखान्यात १,२०० मूर्तींची मागणी आली, ३०० तयार आहेत व रोज २५ पूर्ण होतात, असे मानू. तयार मूर्ती प्रथम वजा कराव्यात; उरलेल्या ९०० मूर्तींस ३६ दिवस लागतील. ही वजाबाकी विसरल्यास उत्तर ४८ येते, म्हणजे १२ दिवसांची चूक.

पंचवीस मूर्तींस एक दिवस, तर नऊशेंस किती? हेच त्रैराशिक. नवव्या शतकातील जैन गणिती महावीराचार्यांनी ‘गणितसारसंग्रह’ या ग्रंथात त्यास स्वतंत्र प्रकरण दिले आहे. मात्र त्याचा आधार एकच : दर स्थिर असला पाहिजे. श्रावणसरी लांबल्या, मूर्ती सुकणे मंदावले आणि २५ चे २० झाले, की ३६ चे ४५ दिवस होतात. चतुर्थी काही पुढे ढकलली जात नाही.

म्हणून बयाणा देणाऱ्याने व घेणाऱ्यानेही मुदत ठरविताना उन्हाळ्यातील नव्हे, पावसाळ्यातील दर धरावा आणि तो दर आठवड्यास पुन्हा मोजावा. पाळता येईल तोच शब्द देणे, हेही सत्याणुव्रतच होय.