माघारीचीही परीक्षा हवी

‘फेंगल’ चक्रीवादळ ३० नोव्हेंबर २०२४ रोजी किनाऱ्याकडे सरकत होते, तेव्हा चेन्नईतील टी. नगरच्या रस्त्यांवर पाणी साचले होते. त्याच दिवशी मुंबईहून आलेले एक प्रवासी विमान चेन्नईच्या धावपट्टीला टेकण्याच्या बेतात असताना वाऱ्याने डोलू लागले. वैमानिकाने उतरण्याचा प्रयत्न सोडून दिला आणि विमान पुन्हा आकाशात नेले. त्या काही सेकंदांचे चित्रीकरण देशभर पाहिले गेले आणि अनेकांचा थरकाप उडाला. अशा वादळात तिथवर यावेच का, हा प्रश्न रास्तच आहे. परंतु शेवटच्या क्षणी घेतलेली माघार योग्य होती. हीच माघार न घेतल्याची किंमत या देशाने दोनदा मोजली आहे.

पहिली वेळ मंगळूरची. २२ मे २०१० रोजी दुबईहून आलेले एअर इंडिया एक्स्प्रेसचे विमान टेकडीवरील धावपट्टी ओलांडून दरीत कोसळले. १५८ जणांचा मृत्यू झाला, आठ वाचले. निवृत्त एअर मार्शल भूषण गोखले यांच्या अध्यक्षतेखालील चौकशी न्यायालयाने नोंदवले, की सहवैमानिकाने उतरणे सोडून देण्याची सूचना तीनदा केली होती. तरीही मुख्य वैमानिकाने विमान उतरवले.

दुसरी वेळ कोळिकोडची. ७ ऑगस्ट २०२० च्या पावसाळी रात्री त्याच कंपनीचे विमान तिथल्या टेकडीवरील धावपट्टीवरून घसरले आणि दोन्ही वैमानिकांसह २१ जणांचा जीव गेला. विमानाचे सारथ्य कॅप्टन दीपक साठे यांच्याकडे होते. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतून घडलेले, हवाई दलात सेवा केलेले, दहा हजारांहून अधिक तास उड्डाण केलेले हे मराठी वैमानिक. पहिल्या प्रयत्नात त्यांनी उतरणे सोडूनही दिले होते. दुसऱ्या वेळी पाठीमागून वारा होता, समोरच्या काचेवरील वायपरही नीट चालत नव्हता, आणि विमान जवळपास निम्मी धावपट्टी मागे टाकून टेकले. सहवैमानिकाने ‘गो अराउंड’ म्हटले होते. सूचना पाळली गेली नाही, आणि सहवैमानिकाने नियंत्रण हातीही घेतले नाही, असे चौकशी अहवालात स्पष्ट नमूद आहे.

या दोन्ही दुर्घटनांत उणीव हातातील कसबाची नव्हती. आपल्याकडे प्रवासी विमानाच्या वैमानिकाची कौशल्यचाचणी वर्षातून दोनदा होते, वैद्यकीय तपासणीही ठरलेल्या मुदतीत होते. सिम्युलेटरमध्ये इंजिन बंद पाडले जाते, उतरणे सोडून वर जाण्याचा सरावही करून घेतला जातो. मात्र यातले बरेचसे प्रसंग परीक्षार्थीला आधीच ठाऊक असतात. ठरलेल्या जागी ठरलेली माघार घेणे ही हातांची परीक्षा झाली; घर जवळ आलेले असताना, थकलेल्या शरीराने, ‘आज नाही’ असे स्वतःला बजावणे ही मनाची परीक्षा होय. ती आपण क्वचितच घेतो.

म्हणून नियतकालिक चाचणीत तीन गोष्टी अनिवार्य व्हाव्यात. एक, प्रसंग पूर्वसूचनेशिवाय उभा करावा आणि माघारीचा क्षण वैमानिकाने स्वतः ओळखावा. दोन, मुख्य वैमानिक व सहवैमानिक यांची जोडी म्हणून परीक्षा व्हावी. ज्येष्ठाने सूचना डावलली, तर कनिष्ठ नियंत्रण हाती घेतो की नाही, हे पाहावे आणि तसे करणाऱ्याला गुण मिळावेत. तीन, चाचणीतील प्रसंग प्रत्यक्ष उड्डाणांच्या नोंदींतून घ्यावेत. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने २०१३ मध्येच अशा पुराव्याधारित प्रशिक्षणाची मार्गदर्शिका काढली आहे.

छोट्या विमानांनाही हे लागू आहे. अमेरिकेत दर दोन वर्षांनी किमान एक तास जमिनीवरील चर्चा आणि एक तास उड्डाण, असा फेरआढावा परवानाधारकाला द्यावा लागतो. त्या पहिल्या तासाचे महत्त्व मोठे आहे. ‘हवामान बिघडले आणि प्रवासी घाई करतो आहे, तर काय कराल?’ हा प्रश्न विचारायला महागडा सिम्युलेटर लागत नाही.

यावर एक आक्षेप गंभीर आहे. चाचण्या कठोर झाल्या, की नोकरीच्या धास्तीने वैमानिक चुका लपवू लागतील. हे टाळायचे तर अनुत्तीर्णाला शिक्षा नव्हे, पगारी फेरप्रशिक्षण मिळाले पाहिजे. उत्तीर्णतेची पातळी मात्र सैल करता कामा नये. शिवाय परीक्षा एकट्या वैमानिकाची नको. कोळिकोडच्या तळावर मुख्य वैमानिकांची संख्या अपुरी होती आणि दुसऱ्या सकाळच्या उड्डाणाचा भार साठे यांच्यावरच होता, याकडेही अहवालाने लक्ष वेधले आहे. ज्या वेळापत्रकात माघारीला जागाच नसते, ते आखणाऱ्या कंपनीचीही उलटतपासणी नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने त्याच मुदतीत करावी.

उतरता न आल्याने विमान दुसऱ्या शहरात गेले, की आपण प्रवासी चिडतो, कंपनी इंधनाचा हिशेब मांडते. त्या संतापाचे ओझेही अखेर वैमानिकाच्याच खांद्यावर पडते. ते झुगारून माघार घेण्याचे बळ त्याच्यात आहे की नाही, हे परवान्याच्या प्रत्येक फेरतपासणीत पाहिले गेले पाहिजे.