वांग्याची कुंडी, सदाफुलीची कुंडी

खानदेशात थंडी पडली की भरिताच्या मेजवान्या सुरू होतात. शेतात कपाशीच्या वाळलेल्या काड्यांवर वांगी भाजली जातात, लाकडी बडगीत ठेचली जातात आणि हिरवी मिरची, लसूण, शेंगदाणे व कांद्याची पात घालून केलेले भरीत कळण्याच्या भाकरीबरोबर पानात पडते. फिकट हिरव्या रंगाच्या, कमी बियांच्या जळगावच्या भरीत वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. यावल तालुक्यातील बामणोद हे गाव या वांग्यासाठी विशेष प्रसिद्ध आहे. जन्मभर शेती केलेले अनेक ज्येष्ठ उतारवयात जळगाव-धुळ्याच्या सदनिकांत मुलांकडे राहायला येतात. गच्चीत एखादे वांगे लावावे, असे त्यांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. त्याच गच्चीच्या कोपऱ्यात सदाफुली बहुधा आधीच फुललेली असते. पुष्कळदा ती कोणी लावलेलीही नसते. हिवाळ्यात वांगी हवी असतील, तर रोपांची तयारी पावसाळ्याच्या आरंभीच करावी लागते. म्हणून या पंधरवड्यात या दोन झाडांच्या गरजा शेजारी-शेजारी ठेवून पाहू.

प्रथम जागा आणि माती. वांग्याला रोज सहा ते आठ तास थेट ऊन लागते. त्याची मुळे खोल जातात, म्हणून कुंडी किमान १५ इंची असावी आणि मातीत चांगले कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत सढळ हाताने मिसळावे. सदाफुलीलाही ऊन आवडते, पण अर्ध्या दिवसाच्या उन्हावर ती फुलते आणि आठ इंची कुंडी तिला पुरते. आपल्याकडची काळी माती पाणी धरून ठेवते व वाळली की भेगाळते. ती नुसतीच कुंडीत भरली, तर सदाफुलीची मुळे कुजतात. तिच्यासाठी मातीत वाळू मिसळावी. खत मात्र बेतानेच द्यावे. ते जास्त झाले की पाने माजतात आणि फुले कमी होतात.

पाण्याच्या बाबतीत हा फरक अधिक ठळक होतो. वांग्याच्या मातीत ओल सतत टिकून राहावी लागते. पाण्याचा ताण पडला की फुले गळतात आणि फळे निबर होतात. कडक उन्हाच्या दिवसांत कुंडीतल्या वांग्याला कधी दोन वेळाही पाणी द्यावे लागते. जळगावात मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांपर्यंत चढतो. अशा उष्म्यात पाणी देऊनही वांग्याची फुले गळतात. म्हणूनच पावसाळ्यातली लागवड बरी. सदाफुलीच्या मातीत मात्र बोट दोन पेरे खुपसून पाहावे. बोटाला ओल लागली, तर त्या दिवशी पाणी देऊ नये. दोन दिवस विसर पडला, तरी ती तग धरते.

वेळेचा हिशेबही वेगळा आहे. वांग्याचे रोप चार-पाच आठवड्यांचे झाले की मोठ्या कुंडीत लावायचे, आणि त्यानंतर दोन-अडीच महिन्यांनी पहिले फळ हाती येते. दर पंधरा-वीस दिवसांनी खत घालावे लागते, तसेच फळांच्या भाराने झाड कलू नये म्हणून काठीचा आधारही द्यावा लागतो. बंदिस्त गच्चीत वारा व भुंगे पोहोचत नसतील, तर सकाळी फुलांच्या देठांवर बोटाने हलकेच टिचकी मारावी, म्हणजे परागकण सुटतात. हे काम बसल्या बसल्या करता येते. शेंडा व फळ पोखरणारी अळी हा वांग्याचा मोठा शत्रू. कोमेजलेला शेंडा दिसताच तो खालून कापून नष्ट करावा आणि पाच टक्के निंबोळी अर्काची फवारणी करावी. पुढच्या वर्षी त्याच मातीत पुन्हा वांगे, टोमॅटो किंवा मिरची लावू नये, कारण ही एकाच कुळातली पिके असल्याने रोग मातीतून पुढे जातात. सदाफुलीला यातले फारसे काही लागत नाही. तिच्या वाटेला सहसा गुरेही जात नाहीत.

असे का, याचे उत्तर दोघांच्या जडणघडणीत आहे. माणसाने पिढ्यान्‌पिढ्या निवड करून वांग्याचे फळ मोठे, गरदार आणि कमी कडू केले. जे आपल्याला रुचकर लागते, ते अळीलाही लागते. म्हणून त्याची राखण आपल्याकडे आली. मूळची मादागास्करची सदाफुली आपले रक्षण स्वतःच करते. तिच्या अंगी तीव्र, कडू, विषारी द्रव्ये आहेत. तिची निगा सोपी असण्याचे ते एक मोठे कारण आहे, आणि तेच ती न खाण्याचे कारण.

हे सांगण्याचे कारण असे, की मधुमेहावर सदाफुलीची पाने किंवा फुले चघळण्याचा सल्ला आजही घरोघरी दिला जातो. हा समज जगात इतरत्रही होता. १९५२ साली जमैकातून या झाडाची पाने कॅनडातील डॉ. रॉबर्ट नोबल यांच्यापर्यंत पोहोचली. तिथे मधुमेहासाठी त्यांचा काढा घेत असत. प्रयोगात उंदरांची साखर काही उतरली नाही. परंतु अर्क टोचलेल्या उंदरांच्या रक्तातील पांढऱ्या पेशी झपाट्याने घटल्या व ते जंतुसंसर्गाने दगावले. त्या निरीक्षणातून डॉ. नोबल व डॉ. चार्ल्स बिअर यांना १९५८ पर्यंत व्हिनब्लास्टिन हे कर्करोगावरील औषध गवसले. पुढे याच झाडापासून मिळालेले व्हिनक्रिस्टिन मुलांच्या रक्ताच्या कर्करोगावर वरदान ठरले. ही औषधे मिलिग्रॅममध्ये मोजून, फक्त शिरेतून आणि रक्ततपासणीवर लक्ष ठेवून दिली जातात. त्या झाडाचे पान रोज सकाळी अंदाजाने चघळणे किती धोक्याचे आहे, ते यावरून ध्यानी यावे. कोणी घेत असेल, तर न रागावता डॉक्टरांना सांगावे. मधुमेहाची औषधे मात्र परस्पर बंद करू नयेत.

घरात स्मृतिभ्रंश झालेली व्यक्ती किंवा लहान मूल असेल, तर सदाफुली हाताला लागणार नाही अशा जागी ठेवावी. तिच्याच कुळातली कण्हेर, पांढरी, लाल वा पिवळी, त्याहून घातक आहे. तिच्या विषाने हृदयाचे ठोके बिघडतात. अशा घरी ती नसावीच. चुकून काही खाल्ले गेले, तर उलटी करवू नये. त्या झाडाची फांदी बरोबर घेऊन तत्काळ रुग्णालय गाठावे. वांग्याचेही फळ तेवढे खाण्याचे. पाने आणि खोड नव्हे.

मग कोणती कुंडी निवडावी? ज्यांची प्रकृती स्थिर आहे, ज्यांना सकाळी उठण्यासाठी काही निमित्त हवे आहे, त्यांनी वांग्याचे एक रोप अवश्य लावावे. एकच, चार नव्हेत. ज्यांचे आठवड्यातले काही दिवस डायलिसिसमध्ये किंवा अंथरुणावर जातात, त्यांना सदाफुली बरी. न जमलेल्या दिवसाची ती फारशी झळ लागू देत नाही. वांगे लावण्यापूर्वी घरात आणखी एक गोष्ट स्पष्ट ठरवावी: आजोबा आजारी पडले, तर पाणी कोण घालणार? शुश्रूषा करणाऱ्या सुनेच्या किंवा लेकीच्या माथी न विचारता आणखी एक काम पडू नये. तिने नाही म्हटले, तर तेही मान्य करावे.

उरलेली काळजी शरीराची. ओल्या मातीची १५ इंची कुंडी २५-३० किलोंची सहज होते. ती ज्येष्ठांनी उचलू वा ओढू नये. कुंडी गुडघ्याएवढ्या भक्कम कट्ट्यावर ठेवावी, म्हणजे वाकून चक्कर येणार नाही. झारी अर्धीच भरावी. गच्चीतले काम उन्हाळ्यात सकाळी आठच्या आत उरकावे, विशेषतः रक्तदाबासाठी लघवी वाढवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी. मधुमेहींनी तापलेल्या फरशीवर अनवाणी जाऊ नये. पायाला संवेदना नसेल, तर भाजलेले कळतही नाही. वांग्याच्या देठाला काटे असतात, म्हणून फळ हाताने न ओढता कात्रीने कापावे.

एवढी व्यवस्था झाली, तर दिवाळीच्या आसपास गच्चीतल्या झाडाचे पहिले वांगे निघेल. एका वांग्याच्या भरितात घरातल्या सगळ्यांना घासभर तरी मिळते.