दुरून साजरी 'प्रायमरी'

आपल्याकडे निवडणुका तोंडावर आल्या, बंद दाराआड तिकीटवाटप सुरू झाले आणि नाराजांचे जथे नेत्यांच्या बंगल्यांवर धडकू लागले, की काही विद्वानांना हटकून अमेरिका आठवते. 'तिथे पाहा, उमेदवारसुद्धा जनताच निवडते,' असा दाखला देऊन भारतीय पक्षांनीही 'प्रायमरी' स्वीकारावी, असा उपदेश केला जातो. दुरून डोंगर साजरे म्हणतात, ते हेच. हा डोंगर जरा जवळ जाऊन पाहिला पाहिजे.

मुख्य निवडणुकीपूर्वी पक्षाचा उमेदवार ठरविण्यासाठी घेतलेली निवडणूक म्हणजे प्रायमरी. बहुतेक ठिकाणी ती सरकारी यंत्रणाच सरकारी खर्चाने घेते. राष्ट्राध्यक्षपदासाठी राज्याराज्यांत असे मतदान होते, काही राज्यांत त्याऐवजी 'कॉकस' नावाच्या सभा भरतात. त्यांतील कौलानुसार प्रतिनिधी ठरतात आणि पक्षाच्या राष्ट्रीय अधिवेशनात ते उमेदवारावर शिक्कामोर्तब करतात. संसदेच्या जागांसाठी हे प्रतिनिधीही मध्ये नसतात. बहुतेक राज्यांत प्रायमरीत ज्याला सर्वाधिक मते, त्याला तिकीट, असा सरळ हिशेब असतो.

ही पद्धत आली ती पक्षश्रेष्ठींच्या मनमानीविरुद्धच्या संतापातून, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. १९१२ साली थिओडोर रुझवेल्ट यांनी रिपब्लिकन पक्षाच्या बहुसंख्य प्रायमरी जिंकल्या, पण शिकागोच्या अधिवेशनाने उमेदवारी दिली ती टाफ्ट यांना. १९६८ साली डेमोक्रॅटिक पक्षाने तर कहर केला. एकही प्रायमरी न लढविलेल्या ह्यूबर्ट हम्फ्री यांना त्याच शिकागोत उमेदवारी मिळाली. बाहेर रस्त्यावर पोलीस निदर्शकांना झोडपीत होते. या नाचक्कीनंतर पक्षाने नियम बदलण्यासाठी आयोग नेमला. सिनेटर जॉर्ज मॅकगव्हर्न हे त्याचे पहिले अध्यक्ष. नवे नियम आले, १९७२ साली त्याच नियमांनी स्वतः मॅकगव्हर्न उमेदवार झाले आणि ५० पैकी ४९ राज्यांत पराभूत झाले! पक्षातील उत्साही मंडळींची पसंती आणि देशाची पसंती या दोन भिन्न गोष्टी असू शकतात, हा धडा पक्षाला इतका झोंबला, की दहा वर्षांनी त्याने 'सुपर डेलिगेट' नावाने नेत्यांना मागच्या दाराने पुन्हा अधिवेशनात आणून बसविले.

कोणती जनता?

'जनता निवडते' हे विधान ऐकायला गोड आहे. पण कोणती जनता? व्हर्जिनियात २०१४ साली प्रतिनिधिगृहातील रिपब्लिकन बहुमताचे नेते एरिक कँटर यांना डेव्ह ब्रॅट या महाविद्यालयीन प्राध्यापकाने प्रायमरीत हरविले. त्या लढतीत एकूण मते पडली सुमारे ६५ हजार. लाखो लोकवस्तीच्या मतदारसंघाचा आणि राष्ट्रीय नेत्याचा निकाल एवढ्या मूठभरांनी लावला.

मराठी वाचकांना जवळचे उदाहरण श्री ठाणेदार यांचे. 'ही श्रींची इच्छा' या आत्मकथनामुळे बेळगावचा हा माणूस आपल्या घराघरांत पोहोचला. २०१८ साली त्यांनी मिशिगनच्या गव्हर्नरपदासाठी डेमोक्रॅटिक प्रायमरी लढविली, स्वतःचे एक कोटी डॉलरहून अधिक खर्च केले आणि तिसरे आले. २०२२ साली डेट्रॉइटच्या मतदारसंघातील नऊ जणांच्या प्रायमरीत ते सुमारे २८ टक्के मतांवर जिंकले. नोव्हेंबरच्या मुख्य निवडणुकीत मात्र त्यांना ७० टक्क्यांहून अधिक मते पडली, कारण तो बालेकिल्लाच त्या पक्षाचा! ठाणेदारांनी नियमानुसार लढून मिळविलेल्या यशाचे कौतुकच आहे. प्रश्न नियमाचा आहे. प्रायमरीत दर शंभरांतील बहात्तर मते इतरांना पडली, तरी खरा निकाल ऑगस्टमध्येच लागला होता. अशा सुरक्षित मतदारसंघांत नोव्हेंबर हा केवळ उपचार उरतो.

राष्ट्राध्यक्षपदाचे गणित याहून विचित्र आहे. २०१६ साली दक्षिण कॅरोलिनातील रिपब्लिकन प्रायमरीत डोनाल्ड ट्रम्प यांना एक तृतीयांशाहूनही कमी मते पडली, पण राज्याचे सर्वच्या सर्व ५० प्रतिनिधी त्यांच्या पदरात पडले. विरोधी मते विभागली गेली, एवढेच त्याचे कारण.

दार नसलेले घर

आणि मतदान करणारा हा 'पक्षाचा' माणूस कोण? अनेक राज्यांत मतदारनोंदणीच्या अर्जावर पक्षाच्या नावापुढे खूण केली, की झाला तो पक्षाचा. ना वर्गणी, ना बैठक, ना काम. मिशिगन आणि व्हर्जिनियात तर तेवढीही नोंद होत नाही. मतदाराने त्या दिवशी हव्या त्या पक्षाच्या प्रायमरीत मत द्यावे! ज्या घराला दारच नाही, त्याचा मालक कोण? बर्नी सँडर्स अपक्ष म्हणून सिनेटवर निवडून येतात आणि डेमोक्रॅटिक पक्षाची उमेदवारी मागतात, त्यात कोणालाच वावगे वाटत नाही. वर्षानुवर्षे उन्हातान्हात राबणाऱ्या कार्यकर्त्याच्या आणि फिरकूनही न पाहणाऱ्याच्या मताचे मोल येथे सारखेच.

एवढे करूनही श्रेष्ठींची सद्दी संपली काय? २०२४ साली बायडेन यांनी प्रायमरीत एक कोटीहून अधिक मते मिळविली. जुलैमध्ये त्यांनी माघार घेतली आणि दोन आठवड्यांच्या आत प्रतिनिधींनी कमला हॅरिस यांना उमेदवारी दिली. राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवार म्हणून त्यांना त्या वर्षी एकाही प्रायमरीत कौल मागावा लागला नव्हता.

याचा अर्थ आपले तिकीटवाटप निर्मळ आहे, असा मुळीच नव्हे. नियम आधी लिहिलेले असणे, मते उघडपणे मोजली जाणे आणि कँटर यांच्यासारख्या बड्या नेत्यालाही घरी बसावे लागणे, या तीन गोष्टी अमेरिकेकडून जरूर घ्याव्यात. पण सांगाडा उचलून आणला म्हणून प्राण येत नाही. २०१४ साली काँग्रेसने लोकसभेच्या काही मोजक्या जागांवर प्रायमरीचा गाजावाजा केला. वडोदऱ्यात नरेंद्र मोदी उभे राहिले, तेव्हा प्रायमरी जिंकलेला उमेदवार बाजूला झाला आणि दिल्लीने मधुसूदन मिस्त्री यांना पुढे केले. प्रयोग तेथेच उघडा पडला.

उमेदवारी ही श्रेष्ठींची खिरापत नव्हे आणि वाटसरूंचा लिलावही नव्हे. मतदारयादी हातात घेऊन दारोदार फिरणाऱ्या, वर्षभर संघटनेचा भार वाहणाऱ्या नोंदणीकृत कार्यकर्त्याला त्या निर्णयात मोजले जाणारे मत हवे. तो अधिकार द्यायला वॉशिंग्टनच्या परवानगीची गरज नाही. गरज आहे ती आपल्याच नेत्यांनी मूठ थोडी सैल करण्याची.