पाळणा आणि हजेरीपट

आमच्या वर्गात यंदा एक जोडपे आहे. बारावीनंतर संसारात पडले, आता पुन्हा शिकताहेत. पदरी तीन वर्षांची मुलगी. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. फीची तारीख आली की घरी काय होते ते मला ठाऊक आहे. इथे तर एका पगारात दोन फी! पुस्तकांचा संच दोघांत एक. मुलीपायी एक जण तासाला, दुसरा घरी. मग ७५ टक्के हजेरी कशी भरावी?

“मुक्त विद्यापीठात जा,” असे काहीजण सुचवतात. नाशिकच्या त्या विद्यापीठाने १९८९ पासून अनेकांना हात दिला, हे खरेच. पण वर्गात बसून प्रश्न विचारण्याची हौस संसारी माणसाला नसावी काय?

विद्यापीठ अनुदान आयोगाने डिसेंबर २०२१ मध्ये विद्यार्थिनींना प्रसूतिरजा व हजेरीत सवलत देण्याविषयी विद्यापीठांना कळविले. उत्तम झाले. पण मूल खरे धावू लागते ते रजा संपल्यावर! आणि बापाचे काय? ५० कर्मचारी असतील तिथे पाळणाघर हवे, असे २०१७ साली कायद्यात आले. विद्यार्थी कर्मचारी नव्हेत, म्हणून कॉलेज मोकळे.

जिमखान्याशेजारची खोली मोडक्या बाकांनी भरली आहे. ती रिकामी करून तिथे तासांच्या वेळात पाळणाघर चालवावे, असे माझे स्पष्ट मत आहे. सांभाळणाऱ्या मावशींचा पगार? स्नेहसंमेलनाच्या मंडपावरचा खर्च थोडा आवरला की सहज निघेल.