मुलाबाळांसह फुलांच्या दरीत

उन्हाळ्याच्या सुटीत मुलांना हिमालयातील फुलांची दरी दाखविण्याचा बेत आपण करीत असाल, तर तो आताच बदलावा हे बरे. उत्तराखंडाच्या चमोली जिल्ह्यातील हे राष्ट्रीय उद्यान १ जूनला उघडते आणि ३१ ऑक्टोबरला बंद होते; परंतु फुलांचा खरा बहर जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत असतो. म्हणजे ऐन पावसाळा, आणि शाळाही चालू. आठ दिवस शाळा बुडाली तरी बिघडत नाही, असे आमचे मत आहे. शिक्षकवर्गाने आम्हाला क्षमा करावी.

हिंदीत या स्थळाला ‘फूलों की घाटी’ म्हणतात. घाटी म्हणजे दरी. आपला घाट नव्हे. कामेट शिखर सर करून परतताना १९३१ साली फ्रँक स्माइथ व त्यांचे सोबती येथे उतरले, आणि स्माइथ यांच्या १९३८ सालच्या पुस्तकाने दरीची कीर्ती जगभर पसरली. भ्यूंडार गावच्या मेंढपाळांना ती अर्थातच त्यापूर्वीपासून ठाऊक होती.

गोविंदघाटाहून पुलना गावापर्यंत मोटार जाते. पुढे घांघरियापर्यंत सुमारे दहा किलोमीटर चढण आहे. धडधाकट माणसाला पाच तास पुरतात. बरोबर आठ वर्षांचे मूल असेल तर सात धरावेत. दमलेल्या मुलाला पाठीवरच्या टोपलीत, म्हणजे कंडीत, बसवून नेणारे लोक वाटेवर मिळतात. पण कंडीने थकवा टळतो, उंची टळत नाही. गोविंदघाट सुमारे १,८०० मीटरवर आहे आणि घांघरिया ३,०५० मीटरवर. तेथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सत्तर टक्क्यांच्या आसपास असतो, आणि कुटुंबाने हा पालट एका दिवसात सोसायचा असतो. मोठा माणूस डोके दुखत असल्याचे सांगतो. तीन-चार वर्षांचे मूल सांगत नाही. ते किरकिर करते, जेवण नाकारते, खेळ टाकून गप्प बसते, आणि आपण म्हणतो, दमले असेल! अशा मुलाला आणखी वर नेऊ नये. उलट्या होऊ लागल्या किंवा अस्वस्थता वाढू लागली, तर त्याच दिवशी खाली आणावे. चालताना तोल जाणे किंवा बसल्या जागी धाप लागणे ही तर धोक्याचीच खूण. तेथे क्षणाचाही विलंब नको.

म्हणून घांघरियाला पोहोचल्यावर एक दिवस विसावा घ्यावा, असे आम्ही आग्रहाने सुचवितो. दुसऱ्याच दिवशी हेमकुंड गाठण्याची घाई पुष्कळजण करतात. ते तीर्थ ४,२०० मीटरहून उंच आहे. घरातील कोणाची तेथे जाण्याची श्रद्धा असेल, तर त्यांच्यासोबत एका जाणत्या माणसाने जावे आणि लहानग्यांनी खालीच राहावे. सर्वांनी सर्वत्र एकत्रच गेले पाहिजे, हा हट्ट डोंगरात उपयोगाचा नाही.

दरीची वाट त्या मानाने सौम्य आहे. पुष्पावती नदीचा पूल ओलांडला की थोडी खडी चढण लागते, आणि मग मोकळे रान. आपल्या अंगणातल्या तेरड्याचा एक भाऊबंद येथे माणसाच्या उंचीचा होतो. मुलांना तो ओळखायला सांगावा. खेचरांना उद्यानात मज्जाव आहे. मुक्कामही करता येत नाही, तेव्हा सायंकाळपूर्वी घांघरियाला परतावेच लागते. दरीत जोन मार्गारेट लेग या वनस्पतिसंग्राहक बाईंची समाधी आहे. १९३९ साली फुले गोळा करताना कड्यावरून घसरून त्या मृत्यू पावल्या. ही हकीकत मुलांना तेथेच सांगावी. ओल्या खडकावर पाऊल जपून टाकण्याची ताकीद मग निराळी द्यावी लागत नाही.

जून २०१३ च्या महापुरात ही वाट ठिकठिकाणी वाहून गेली होती. ती पुन्हा बांधण्यात आली. तरीही पावसाळ्यात ऋषिकेशपासूनचा मोटाररस्ता दरडी कोसळून एक-दोन दिवस अडतो, हे गृहीत धरावे. आगगाडीचे परतीचे तिकीट दोन दिवस हाताशी राखूनच काढावे.