पट्ट्याची तारीख अन् नांगराची तारीख



किसान सन्मानचे दोन हजार पडले का, हे आता बाजाराच्या दिवशी राम रामच्या आधी विचारलं जातं. आमच्या पाड्यावर ज्यांचा मालकीचा सातबारा आहे त्यांना 2019 पासून केंद्राचे वर्षाला 6000 मिळतात, तीन हप्त्यांत. नंतर राज्याची नमो शेतकरी योजनाही आली. बांधाच्या अलीकडे नागली, वरई, खुरासणी. पलीकडेही तेच. पण पलीकडचा प्लॉट फॉरेस्टचा, म्हणून तिथे काही नाही.

माझा पट्टा 2021 चा. तालुक्याला गेलो तर टेबलावरच्या भाऊसाहेबांनी तो उलटसुलट पाहिला अन् म्हणाले, "योजनेची तारीख 1 फेब्रुवारी 2019. तुम्ही जमीन घेतली त्याच्यानंतर. बसत नाही."

घेतली? या प्लॉटवर माझ्या बापाने फॉरेस्टचा दंड भरलाय. त्या दंडाच्या पावत्या दाव्याला जोडल्या, त्यावरच दावा मंजूर झाला. बाप गुन्हेगार ठरला तेव्हा जमीन कसत होता, अन् मी पैसे मागायला गेलो तर जमीन कालची!

वनहक्क कायदा जमीन वाटत नाही. होता तो हक्क मान्य करतो. 13 डिसेंबर 2005 च्या आधीपासून कब्जा होता, हे ग्रामसभेने, उपविभागीय समितीने, जिल्हा समितीने तपासलं, मगच पट्टा हातात आला. म्हणजे पट्ट्यावर सही कधीची का असेना, तो 2005 च्या आधीच्या शेतीचा सरकारी पुरावा आहे. सही व्हायला इतकी वर्षं लागली, तो उशीर त्यांचा. त्याचा दंड आपण का भरायचा? बापाने भरला तेवढा पुरे.

आपलेच काही कार्यकर्ते म्हणतात, हा मतांसाठी टाकलेला तुकडा आहे, याच्यामागे धावू नका, पाणी मागा, भाव मागा. मला हे अर्धंच पटतं. 6000 म्हणजे दिवसाला सोळा रुपये, त्यावर कोणाची शेती चालत नाही. पण यादीत नाव नाही तो शेतकरीच नाही, असं होत चाललंय. आता शेतकरी ओळख क्रमांक आलाय, त्याचीही सुरुवात सातबाऱ्यापासूनच. विमा, अवकाळीची भरपाई, आधारभूत केंद्रावर भात घालणं, सगळीकडे तोच कागद पुढे करावा लागतो. आज दोन हजार सोडले तर उद्या भाताची गोणी घेऊन केंद्रावरून परत यावं लागेल. अन् ज्यांचे दावे अजून पडून आहेत, त्यांचं तर नावच कोणी घेत नाही.

एक गोष्ट आपल्या घरातली. पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावावर असतो, कायद्यातच तसं आहे. हप्ता मात्र कुटुंबाला एक, म्हणजे खातं एकच. बहुतेक ठिकाणी पुरुषाचं. लावणी कोण करतं ते इथे लिहायला नको. फॉर्ममध्ये बाईचं खातं दिलं तर काय बिघडतं? आमच्या पाड्यावर यावरून भांडण झालं, अजून मिटलं नाही.

एजंटला पैसे देऊन एकेकट्याने फॉर्म भरत बसू नका. ग्रामसभेत ठराव घ्या. त्याला सगळ्या पट्टेधारकांची यादी जोडा: पट्टा नंबर, दोघांची नावं, क्षेत्र. दंडाच्या पावत्यांच्या झेरॉक्स लावा. वनहक्क नियमांत 2012 साली दुरुस्ती झाली, त्यातला नियम 16 ठरावात लिहा: हक्क मान्य झालेल्यांना जमीन सुधारणेच्या, उत्पादनाच्या, उपजीविकेच्या सगळ्या सरकारी योजना देणं राज्य सरकारवर बंधनकारक आहे. एक प्रत तहसीलदाराला, एक कृषी अधिकाऱ्याला, एक आदिवासी प्रकल्प कार्यालयात. तोंडी 'बसत नाही' ऐकून परत फिरू नका, लेखी मागा. अन् पोच घेतल्याशिवाय दारातून हलू नका.

कोणत्या गावाने ठराव दिला, काय उत्तर आलं, ते पुढच्या अंकाच्या आधी कळवा.