लाल दिसत नाही, म्हणून आजार नाही काय?

अंगावर काही उठले म्हणून इस्पितळाच्या कॅज्युअल्टीत गेलात, की हमखास विचारतात, "लाल झाले आहे का?" आमच्या मते हा प्रश्नच अपुरा आहे. तो गोऱ्या कातडीवरून शिकलेला आहे. आपल्या गव्हाळ-सावळ्या अंगाला तो लावला, की खरा आजार हातून निसटतो.

येथे ब्रिस्टलमध्ये नर्सचे काम करताना आम्ही हेच पाहत आलो. पायाला सेल्युलायटिस झाला, म्हणजे कातडीखाली जंतू पसरले, की गोरा पाय लालभडक होतो. आपला पाय जांभळट, करडा किंवा नुसता अधिक काळसर दिसतो; कधी रंग बदललेला कळतही नाही. मात्र तो गरम लागतो, सुजतो, ठणकतो. इसबाचेही तेच. इसब किती वाढले हे मोजताना लालीला गुण देतात. लाली दिसली नाही की गुण कमी, आणि मग औषधही सौम्य!

मेनिंजायटिसमध्ये तर जिवाशीच गाठ. त्यासाठी झटणारी मेनिंजायटिस रिसर्च फाउंडेशन ही संस्था ब्रिस्टलमधलीच, १९८९ सालची. काचेचा पेला डागावर दाबून तो विरतो की नाही ते पाहावे, हे पुष्कळांना ठाऊक असते. पण सावळ्या मुलाच्या पाठीवर डाग सहज दिसत नाहीत. तळहात, तळपाय, पापणीची आतली बाजू व टाळू पाहावी लागते. शिवाय डाग उशिरा येतात, कधी येतही नाहीत. मूल मलूल झाले, तर त्यांची वाट पाहत बसू नये.

कोणी म्हणेल, एवढे शिकलेल्या डॉक्टरांना हे कळत नाही काय? पुस्तकांतली बहुतेक चित्रे गोऱ्या अंगाची असतील, तर कळणार कसे? लंडनच्या सेंट जॉर्जेसमधील मालोन मुकवेंडे या विद्यार्थ्याने दोन शिक्षकांसह २०२० साली 'माइंड द गॅप' ही पुस्तिका काढली. सावळ्या-काळ्या त्वचेवर लक्षणे कशी दिसतात, ते तीत दाखवले आहे. त्यासाठी २०२० साल उजाडावे लागले!

वास्तविक हे ज्ञान आपल्या घरचे आहे. ताझरिया परशेत कोहेन कातडीवरचे डाग तपासतो. त्यावर मिश्नाच्या नेगाईम भागात रब्बींनी सुमारे १८०० वर्षांपूर्वीच बजावले, की उजळ डाग गोऱ्या अंगावर मंद दिसतो आणि मंद डाग काळ्या अंगावर उजळ.

मात्र गप्प बसण्याचा दोष आपलाही आहे. कोकणापासून आपल्यात 'गोरे' व 'काळे' इस्रायल असा भेद चालत आला. तो भेद वंशाचा असला तरी शब्द रंगाचे, म्हणून रंगाचा विषय निघाला की आपण अवघडतो आणि "थोडी खाज आहे, सिस्टर," एवढेच सांगतो.

तेव्हा बंधू-भगिनींनो, संकोच सोडा. स्पष्ट सांगा, की आमच्या अंगावर लाली उठून दिसत नाही. हात लावून पाहा, दुसऱ्या पायाशी ताडून पाहा. आजारापूर्वीचा फोटो जवळ असल्यास दाखवा. आणि ऐकले नाही, तर पुन्हा सांगा.